जो स्नायू तुझा विषय नव्हता

मंदा, तुला जाऊन बारा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "शांतपणे गेल्या ना?" मी हो म्हणते, कारण त्यांना चहा देऊन वाटेला लावायचं असतं. पण तू शांतपणे गेली नाहीस. अतिदक्षता विभागात, तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क स्वतःच्या हातानं बाजूला करून, नातीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंसमोर मला खोटारडी ठरवलंस, आणि मग गेलीस. धाकट्या बहिणीनं जाता जाता हे करावं?

हे तुला उद्देशून लिहिते आहे, पण वाचणार माझी नातवंडं आहेत, इरा आणि नील, तिकडे मेलबर्नला. इंग्रजीत लिहिणं मला सोपं होतं. पस्तीस वर्षं शाळेत तेच शिकवलं. लिहायला घेतलंही, पण दोन परिच्छेदांतच ते रजेच्या अर्जासारखं वाटायला लागलं. शिवाय तुझ्याशी मी इंग्रजीत कधी भांडले नाही. पोरं सावकाश वाचतील, अडेल तिथं आईला, माझ्या लेकीला, विचारतील. केतकीला आता सगळं माहीत आहे. तिला कसं कळलं तेही लिहिते.

पोरांना अरू माहीत नाही, म्हणून आधी त्याचं. अरू आपला भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, तुझ्याहून चार वर्षांनी मोठा. आपण खडकीला क्वार्टर्समध्ये राहत होतो, बाबा दारूगोळा कारखान्यात होते. अरू पाच वर्षांचा असताना चवड्यांवर चालायला लागला. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर हात ठेवायचा, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. पण पोटऱ्या कशा भरलेल्या, टणक! बाबा शेजाऱ्यांना दाखवायचे, "बघा, फुटबॉल खेळणार हा." आई रोज त्या पोटऱ्यांना तेल चोळायची. ती भरलेली पोटरी म्हणजे स्नायू नव्हता, स्नायू झिजून त्या जागी साठलेली चरबी होती, हे आपल्याला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि तेही तुझ्याकडून. बाबा त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवून शाळेत न्यायचे. पुढे त्याला बसताही येईना. सतराव्या वर्षी तो गेला. शेवटपर्यंत डोकं इतकं तल्लख, की माझे इंग्रजीचे निबंध तो अंथरुणातून तपासायचा आणि चुका काढायचा.

दोन वर्षांनी मला स्थळ आलं. पाहुणे यायच्या आधी आईनं माझी वेणी घालता घालता सांगितलं, "अरूचं विचारलं तर विषमज्वर म्हणायचं. विचारलं नाही तर काहीच बोलायचं नाही." लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला सांगितलेलं होतं की हा आजार आईकडून मुलाकडे येतो. मुलींना सहसा काही होत नाही, पण त्यांच्यातून तो पुढे जाऊ शकतो. हे एकदा बाहेर पडलं असतं तर आपल्या दोघींना कुणी दारात उभं केलं नसतं. तू दाराशी उभी होतीस, पंधरा वर्षांची. म्हणालीस, "पण अरूदादाला विषमज्वर कुठं झाला होता?" आई म्हणाली, "तुझी वेळ आली की तूही हेच म्हणशील."

मी म्हटलं. एकदा म्हटलं आणि ते खरंच झालं. सासरी तेच, यांना तेच, केतकीला तेच. हे गेले तेही आपल्या मेहुण्याला विषमज्वर झाला होता असं मानूनच गेले.

तुझी वेळ आली तेव्हा तू काय केलंस? मुलाच्या आईनं सहज विचारलं, "एकुलता भाऊ होता म्हणे?" आणि तू पोह्यांच्या बश्या बाजूला सारून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं रेघा मारून, कुणाचा कोणता दोष कुणाकडे निम्म्या शक्यतेनं कसा जातो ते समजावून सांगितलंस. शेवटी वर विचारलंस, "काही शंका?" त्यांना शंका नव्हती. ते लोक गेट ओलांडायच्या आत आई माजघरात जाऊन बसली. त्यानंतर तुला स्थळ आलं नाही आणि तूही वाट पाहिली नाहीस. तू शिकत गेलीस, डॉक्टरेट मिळवलीस, प्रयोगशाळा मिळवलीस. स्नायूंमधल्या त्या निजलेल्या पेशींच्या मागं चाळीस वर्षं लागलीस.

पोरांना त्या पेशी सांगते, तुझ्याच शब्दांत, कारण तू मला त्या इतक्या वेळा सांगितल्यास की पाठ झाल्या आहेत. स्नायूच्या प्रत्येक तंतूच्या कडेला, त्याच्या आवरणाखाली काही पेशी झोपून असतात. स्नायूला इजा झाली की त्या उठतात, एकीच्या अनेक होतात, बहुतेक जणी तंतूला जाऊन मिळतात आणि तो दुरुस्त करतात. थोड्या परत जाऊन झोपतात, पुढच्या इजेसाठी. निरोगी माणसात हे निभतं. अरूसारख्या मुलात तंतू जन्मतःच कच्चा, साध्या चालण्यानंही फाटणारा. पेशी उठतात, दुरुस्त करतात, पण तोच दोष त्यांच्यातही असतो, म्हणून दुरुस्त केलेलं पुन्हा फाटतं. पुन्हा उठा, पुन्हा दुरुस्त करा. शेवटी दुरुस्तीच पुरी पडेनाशी होते. "ताई, झोपच मिळत नाही गं त्यांना," असं तू म्हणायचीस, जणू शेजारच्या बाळंतिणीबद्दल बोलते आहेस.

त्या पेशींपायी तू माझे किती सण बुडवलेस! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ताट वाढलेलं असताना तू चपला घालायला लागलीस.

"आता कुठं?"

"पेशींना खायला घालायचंय. बशीत दाटी झाली की एकमेकींना चिकटतात आणि मग वाढतच नाहीत."

"म्हणजे चार जणी एकत्र आल्या की बिघडल्या?"

"बिघडत नाहीत गं. कामाला लागतात. मला त्या कामाला लागायच्या आधी हव्या असतात."

"मग आम्हालाही तू तशीच हवी आहेस, जेवायच्या आधी निघून न जाणारी." पण तू ऐकलंस कुठं? स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला. तुझं ताट झाकून ठेवलं. परत आल्यावर तू गार पुरणपोळी उभ्यानं खाल्लीस आणि छान झालीय म्हणालीस. त्यानं तर आणखी चिडायला झालं.

तुझं ते तोडून बोलणं. मांजरी गावाहून एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन तुझ्या घरी आल्या होत्या, आठवतं? कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की एका खासगी दवाखान्यात स्टेम सेलची इंजेक्शनं देतात आणि मुलगा चालायला लागतो. त्या तुला फक्त एवढंच विचारायला आल्या होत्या की कितवं इंजेक्शन लागू पडतं. तू म्हणालीस, "एकही नाही. देऊ नका." त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही स्वतः त्यावरच काम करता ना?" तू म्हणालीस, "म्हणूनच सांगते. आज उपाय नाही. कधी येईल ते मला माहीत नाही." त्या रडत जिना उतरल्या. मी तुला खूप बोलले. म्हटलं, थोडं गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? तुझं उत्तर ठरलेलं, "गोड बोलायला तू आहेस की." पुढची सहा वर्षं तू त्या बाईंना दर महिन्याला फोन करत होतीस. पाय आखडू नयेत म्हणून कोणते ताण द्यायचे, श्वासाची तपासणी कधी करायची, स्टिरॉइडबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं. हे तू मला सांगितलं नव्हतंस. त्याच बाई परवा भेटायला आल्या, त्यांनी सांगितलं. चांगलं काम लपवायची ही कसली रीत?

आणि मला मात्र एकच पालुपद. "केतकीला सांग." केतकीच्या लग्नाआधी, नंतर इराच्या वेळी, मग नीलच्या वेळी. नील झाला, धावायला लागला, फुटबॉल खेळायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "बघ. झालं ना समाधान?" तू म्हणालीस, "नील सुटला. त्यानं इरा सुटली असं होत नाही. केतकी सुटली असंही होत नाही. आणि तू स्वतः?" मी विषय बदलला. तू केतकीशी दर आठवड्याला फोनवर बोलायचीस, मंदा. एका वाक्यात सांगू शकली असतीस. कधीच सांगितलं नाहीस. "तुझं आहे ते, तू सांग," एवढंच. पन्नास वर्षं माझं खोटं तू माझ्यासाठी, आवडत नसतानाही, सांभाळलंस. त्याबद्दल आभार मानायला हवेत, हे मला कळतं. पण मला वाटतं, एकदा तरी मोडायला हवं होतंस.

आता तुझी पाळी. दोन वर्षांपूर्वी विश्रांतवाडीच्या माझ्या घरी तू दुसऱ्या मजल्यावर येताना मधेच थांबायला लागलीस. मी वरून कठड्यावरून बघायची.

"दम का लागतो तुला?"

"वय झालं."

"मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे, मला लागत नाही. डॉक्टरला दाखव."

"मीच डॉक्टर आहे."

"उंदरांची!"

हसलीस. मग मी म्हटलं, "हृदय पण स्नायूच ना गं?" आणि तू शास्त्रज्ञाच्या त्या चेहऱ्यानं म्हणालीस, "आहे. पण त्यात आमच्या त्या पेशी नसतात. हृदय माझा विषय नाही." मला पटलं. मला वाटलं, तुला माहीत आहे म्हणजे ठीकच असणार. तुझ्या हुशारीवर मी विसंबले, तिथंच चुकले.

मग तो दवाखाना. डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन आल्या, तू खाटेवर, मी खुर्चीत.

"आजी, घरात कुणाला स्नायूंचा आजार? हृदयाचा? कुणी लहान वयात गेलंय?"

"भाऊ सतराव्या वर्षी गेला," मी म्हटलं. "विषमज्वर."

मी विचार करून खोटं बोलले नाही, मंदा. नाव विचारल्यावर नाव सांगावं तसं ते तोंडातून आलं. तुझा श्वास अडकलेला, कारण शोधायला ती मुलगी धडपडते आहे, आणि मी तिला आईनं वेणी घालताना शिकवलेलं उत्तर दिलं. तेव्हा तू मास्क काढलास.

"खोटं बोलतेय ती," तू म्हणालीस. मग दम घेत घेत, एकेक शब्द सुटा करून, "ड्युशेन. मी वाहक आहे. तपासलेलं आहे. हिचं तपासलेलं नाही. लिहा."

अरूच्या आजाराचं ते नाव डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. मग त्यांनी पोरांच्या भाषेत सांगायचं तर कॉमन सेन्सचा प्रश्न विचारला, "मॅडम, वाहक बायकांचं हृदय हळूहळू कमजोर होऊ शकतं, तुम्हाला माहीतच असेल. तुमचा शेवटचा टू-डी एको कधी झाला होता?"

तू मास्क परत लावलास.

चाळीस वर्षं लोकांना तोंडावर खरं सांगणाऱ्या माझ्या बहिणीनं उत्तर टाळायला ऑक्सिजनचा मास्क लावला! तुझ्याकडे बघून मला इतका संताप आला की रडू आलं. त्यानंतर चार दिवस होतीस. एकदा माझा हात धरून म्हणालीस, "एको. तू, केतकी, इरा. तिघींचा. लिहून घे." मी वाण्याची यादीसुद्धा क्रमांक घालून लिहिते, हे तुला माहीत आहे. मी लिहून घेतलं नाही. "तू बरी हो, मग बघू," असं म्हटलं. तू डोळे मिटलेस. आपलं शेवटचं बोलणं हे.

आठव्या दिवशी रशीदभाई आले, तुझ्या प्रयोगशाळेत सहायक होते ते. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. चहा घेतला नाही, बसले मात्र बराच वेळ. म्हणाले, "बाई रविवारीपण यायच्या. मी म्हणायचो, उंदरांना सुट्टी नाही हे समजलं, तुम्हाला काय झालंय? तर मलाच कामाला लावायच्या." मग पिशवीतून एक पाकीट काढलं. "ताई, हे बाईंनी माझ्याकडं ठेवलं होतं. म्हणाल्या, ताईला दिलं तर ती फाईलला लावेल, फाईल कपाटात जाईल आणि कपाट काही उघडायचं नाही. वेळ येईल तेव्हा तुम्ही हातात द्या."

"आणि वेळ कधी येणार हे तुम्हाला कसं कळणार होतं?"

"ते नाही सांगितलं त्यांनी," रशीदभाई म्हणाले. "मला वाटलं, आता आली असेल."

पाकिटात तुझा तपासणीचा अहवाल होता, आणि त्यावर तुझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात, "ताईचं रक्त याच्याशी जुळवून बघणे." माझ्यासाठी सगळी तयारी करून ठेवलीस. मी फक्त हात पुढं करायचा. तोही मी केला नाही म्हणून तू रागावली नाहीस, पाकीट दुसऱ्याकडं ठेवलंस. मला रडवायचं होतं का तुला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्त देऊन आले. एकोही झाला. हृदय बरं आहे म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मॅडमच्या अहवालामुळे दोष नेमका कुठं शोधायचा ते माहीत आहे, तीन आठवड्यांत कळेल. मी मनात लगेच आखणी केली, अहवाल येऊ दे, माझ्यात दोष नसलाच तर कुणाला काही सांगायची गरजच नाही. रिक्षात बसल्यावर मला माझीच लाज वाटली. तीन आठवड्यांत मी आणखी एखादी सबब शोधली असती. घरी आले, चप्पलही न काढता केतकीला फोन लावला.

"आई? आता काय झालं?" तिच्या आवाजात भीती होती.

मी सांगितलं. सगळं, क्रमानं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आई, दोन्ही बाळंतपणांत मला विचारलं होतं, घरात असं काही आहे का. मी नाही म्हटलं. ठामपणे."

"हो."

"इराचं लग्न होऊन वर्ष झालं. ती बाळाचा विचार करते आहे."

"म्हणूनच आज..."

"म्हणूनच आज?" ती म्हणाली. "मावशीला माहीत होतं?"

"हो. सांगायचं माझं होतं, मीच सांगितलं नाही."

"ठेवते," म्हणाली, आणि ठेवला. मी तिला दोष देत नाही. तिनं अजून मला फोन केलेला नाही, पण स्वतःची तपासणीची वेळ घेतली आहे, असं कळलं.

ते इराकडून कळलं. काल तिनं स्वतःहून फोन केला. आवाज शांत होता, तुझ्यासारखा, कामापुरता. "आजी, मी थर्सडेची अपॉइंटमेंट घेतलीय. एको आणि ब्लड, दोन्ही. तू मला पाठवलेला मावशीआजीचा रिपोर्ट त्यांना चालणार आहे." तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली, मी लिहून घ्यायला लागले. दोष असला तरी बाळ होऊ शकतं का? त्याचं उत्तर मी डॉक्टरीणबाईंकडून आणलं होतं. होऊ शकतं, आणि आधीच माहीत असलं तर तपासून पुढं जायचे मार्ग आहेत. अरूला दुखायचं का? हे मी सांगू शकले. पडला की दुखायचं, आणि तो दिवसातून खूपदा पडायचा. मावशीआजीच्या त्या पेशींनी आता हे बरं होतं का? मी म्हटलं, "आज नाही. कधी, ते माहीत नाही." गोड बोलायची जित्याची खोड मी कशीबशी आवरली.

मग तिनं विचारलं, "पण आजी, मावशीआजीला हे सगळं माहीत होतं. रिपोर्ट होता तिच्याकडे. तिनं स्वतःचा एको का नाही केला?"

माझ्याकडे याची कितीतरी उत्तरं होती. वेळ नव्हता. हट्टी होती. हृदय तिचा विषय नव्हता. गेले बारा दिवस मी तीच उत्तरं घोळवत तुझ्यावर चिडते आहे. पण ती मुलगी तिकडे उत्तरासाठी थांबली होती, आणि तिला खोटं सांगायचा हक्क मी आता गमावला आहे.

"घाबरली असेल," मी म्हटलं. "अरूचं सगळं तिनं जवळून बघितलं होतं. घाबरली असेल, आणि तसं म्हणता आलं नसेल तिला."

इरानं विचारलं, "मग मी घाबरले तर चालेल?"

"चालेल. हवं तेवढं घाबर. पण गुरुवारी वेळेवर पोचायचं, आणि एकटीनं जायचं नाही."

हे मी तुला म्हणायला हवं होतं, मंदा. पन्नास वर्षं तू मला "सांग" म्हणत राहिलीस आणि शेवटची दोन वर्षं मी तुला "दाखव" म्हणत राहिले. दोघींपैकी एकीलाही दुसरीचा हात धरून निघायचं सुचलं नाही.

इराबरोबर नील जाणार आहे.